एका नाण्याचा कस साऱ्या लोट्याला लागत नाही

इतवारी, नागपूर

चि. बाळ,

तुझं पत्र पोचलं. कन्हान नदीच्या काठी पाया खणताना लोटाभर सोन्याच्या गिन्न्या आणि होन सापडले, असं सांगत एक मजूर तुझ्याकडे आला. त्यातली एक गिन्नी त्यानं आपण होऊन तपासायला दिली, सराफानं ती कसोटीवर घासली आणि ती बावीस कॅरेटची निघाली. आता बाकीचा लोटा निम्म्या भावात घ्यायला धानाचे पैसे काढायचं तुझ्या मनात आहे. काढू नकोस.

ती गिन्नी खरी निघणारच होती, कारण ती दाखवण्यासाठीच ठेवलेली असते. नमुना सोन्याचा आणि ढीग पितळेचा, अशाच रीतीनं महाराष्ट्रात कितीतरी कुटुंबं नागवली गेली आहेत. आणि ज्याला खरोखर सोनं सापडलं, तो निम्म्या भावात विकायला अनोळखी माणसाचं दार का शोधील? हा प्रश्न कसोटीच्या दगडाआधी विचारायचा असतो.

तरी नाणं कसं पारखायचं ते नीट सांगतो. ही विद्या तुला यायला हवी, उद्या आजीची पेटी तुझ्याच हाती येणार आहे. कसोटी फक्त वरची कातडी सांगते. मुलामा जाड असेल तर घासलेली रेघही सोन्याचीच उमटते. लोहचुंबकाचंही तसंच, पितळ त्याला चिकटतच नाही. भरवसा ठेवायचा तो वजन आणि आकार यांच्या जोडीवर. गिन्नी म्हणजे इंग्रजी सॉव्हरिन, तिचं वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२ मिलिमीटर आणि जाडी दीड मिलिमीटर. पितळ सोन्याच्या निम्म्यानंही जड नसतं. म्हणून त्याच मापाची पितळी गिन्नी चार ग्रॅमही भरत नाही, आणि वजन जुळवायला गेलं तर ती दुपटीनं जाड होते. दोन्ही एकदम साधायचं तर धातू सोन्याइतकाच जड हवा.

याच कारणानं पाण्याची पारख मला सर्वांत आवडते. सराफाच्या बारीक काट्यावर नाणं आधी कोरडं तोल, मग दोऱ्यानं बांधून भांड्याला न टेकता पाण्यात बुडवून तोल. खऱ्या गिन्नीचं वजन पाण्यात सुमारे ०.४५ ग्रॅमनं घटतं. कोरड्या वजनाला या घटीनं भागलंस की १७.७ च्या आसपास आकडा येतो. पितळेचा साडेआठच्या जवळ येतो. नाण्याला ओरखडाही पडत नाही. मात्र लोट्यातलं प्रत्येक नाणं वेगळं तोलायचं.

पण सोनं खरं ठरलं म्हणून नाणं खरं ठरत नाही. गेल्या शतकाच्या मध्यात इटली आणि लेबनॉनमध्ये पुरेपूर सोन्याच्या खोट्या गिन्न्या पाडल्या गेल्या. मुंबईच्या टांकसाळीत गिन्न्या पडल्या त्या फक्त १९१८ साली. त्यांच्यावर पंचम जॉर्जचा मुखवटा आहे आणि मागे घोड्याखालच्या जमिनीवर, सालाच्या वर, इंग्रजी आय हे बारीक अक्षर आहे. राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा दाखवून कोणी मुंबईची गिन्नी म्हणाला, तर तिथेच उठावं. आजीच्या माळेतल्या पुतळ्यांचं उलट आहे. मूळ पुतळी हे व्हेनिसचं नाणं, साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. आपल्याकडच्या सोनारांनी माळांसाठी तिच्या नकला घडवल्या, म्हणून अक्षरं विस्कटलेली दिसतात. त्या जुन्या नाण्याच्या भावानं जाणार नाहीत, पण सोनं म्हणून खऱ्या आहेत. त्यांना खोटं म्हणून मोडीत देऊ नकोस.

शिवराई होनाबद्दल मी जरा कडक बोलतो. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेलं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेलं हे नाणं पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचं, करंगळीच्या नखाएवढं. ते इतकं दुर्मीळ आहे की खरं नाणं मिळालं तर संग्रहालयं धावून येतील. ते लोट्यातून मुठीनं निघत नाही. शिवाय हातोड्याच्या घावानं पाडलेल्या दोन नाण्यांवर छाप कधी नेमका एकाच जागी बसत नाही, एकाचं अक्षर इकडे कापलं जातं, दुसऱ्याचं तिकडे. दोन होनांवर तोच खड्डा त्याच जागी दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेले समज. कडेची शिवण आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रंही ओतीव नाण्यावरच सापडतात.

आपल्या भागात जुनं सोनं निघणारच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. शेजारचं नगरधन म्हणजे वाकाटक राजांचं नंदिवर्धन. पुढे नल राजा भवदत्तवर्म्यानं तिथूनच ताम्रपट दिला. त्याच नल राजांची सोन्याची नाणी १९३९ साली बस्तरमधल्या एडेंगा गावी मिळाली. ती पातळ पत्र्याची, एकाच बाजूनं उठाव असलेली आहेत. अनोळखी डोळ्याला तीच खोटी वाटतील आणि जाडजूड चकचकीत पितळ खरं वाटेल. म्हणून मातीतलं नाणं कधी घासायचं नाही, चिंचेनं धुवायचं नाही. नागपूरच्या अजब बंगला संग्रहालयात जुनी नाणी आहेत, जाऊन नुसतं पाहत उभा राहा. डोळा तिथे तयार होतो.

आणि समजा, लोटा खराच निघाला. तरी तो त्या माणसाला विकता येत नाही आणि तुला घेता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं, जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. न कळवणाऱ्याचा त्यातला वाटाही जातो.

तो माणूस पुन्हा आला तर त्याला सांग, सगळी नाणी घेऊन इतवारीत चल, मामा एकेक तोलून देतील. तो येणार नाही. मग त्याच दिवशी मौद्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन सगळी हकिकत लिहून दे, म्हणजे तो पुढच्या घरी जायच्या आत थांबेल. धानाचे पैसे बँकेतच राहू देत.

कळावे.
तुझा मामा