वादळानंतरची खरेदी आणि अस्वामिविक्रय

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात पावसाचा खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात असतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळेही बहुधा याच दिवसांत, हिवाळ्याच्या तोंडावर, नागपट्टिणमच्या किनाऱ्याकडे वळतात. 16 नोव्हेंबर 2018 रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, ‘गज’ नावाचे चक्रीवादळ नागपट्टिणम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनारा ओलांडून आत शिरले, तेव्हा तंजावर जिल्ह्यातील पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी आणि ओरत्तनाडू या भागांतल्या नारळीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. भात गेला तर पुढच्या हंगामाची आशा उरते. नारळ नव्याने लावून फळाला यायला मात्र कित्येक वर्षे जातात, आणि तेवढा काळ तग धरायचा तर घरातले काहीतरी बाहेर काढावेच लागते. बाहेर निघते ते बहुधा तांबे-पितळ असते. समया, घागरी, धान्य मापायचे मरक्काल, सागवानी पेट्या, काचेचे खडे आणि सोन्याचा वर्ख लावलेली तंजावरी चित्रे अशा वस्तू गावच्या भांड्यांच्या दुकानात मोडीच्या भावाने जातात, आणि तिथून त्यांतल्या काही जुन्या वस्तूंच्या दुकानांत पोहोचतात. अशा दुकानांत वादळानंतर हिंडणारा रसिक नेमके काय विकत घेतो, हा वरवर पाहता आवडीनिवडीचा प्रश्न आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो स्वामित्वाचा प्रश्न आहे, आणि या प्रदेशात स्वामी पुष्कळदा माणूस नसून देव असल्यामुळे तो तत्त्वज्ञानाचाही प्रश्न होतो.

मनुस्मृतीने व्यवहाराची, म्हणजे न्यायालयात येणाऱ्या वादांची, जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ऋणादानानंतर निक्षेप येतो आणि त्याच्या लगेच पाठोपाठ अस्वामिविक्रय. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे सोपवलेली ठेव, आणि अस्वामिविक्रय म्हणजे जो मालक नाही त्याने केलेली विक्री. हे दोन विषय शेजारी ठेवण्यात शास्त्रकारांचे व्यवहारज्ञान दिसते, कारण ठेव मोडली की तिची विक्री व्हायला वेळ लागत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीने या विषयात विक्रेत्यापेक्षा खरेदीदाराकडे अधिक रोखून पाहिले आहे. दुसऱ्याने विकलेली आपली वस्तू मूळ मालकाला परत मिळते, हा नियम सांगून ती पुढे खरेदीदाराला चोर समजावे अशी लक्षणे देते: खरेदी हीन माणसाकडून झाली, एकांतात झाली, कमी किमतीत झाली किंवा अवेळी झाली. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे चोळांच्या हाडवैऱ्यांच्या छत्राखाली, मिताक्षरा टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने यातल्या ‘हीन’ या पदाचा जातीशी संबंध लावला नाही. ज्याच्यापाशी अशी वस्तू येण्याचा मार्गच संभवत नाही असा माणूस, असा त्याने अर्थ केला. ही दुरुस्ती मोलाची आहे, कारण तिच्यामुळे संशयाचा रोख विकणाऱ्याच्या दर्जावरून उठून त्या वस्तूच्या प्रवासावर जातो.

वादळानंतरच्या आठवड्यात ही चारही लक्षणे एकदम हजर असतात, आणि बाजाराला हीच गोष्ट पाहायची नसते. किंमत पडलेली असते. वेळ अडचणीची असते. व्यवहार मागच्या दाराने होतो, कारण घरातली समई विकावी लागणे ही लाजेची गोष्ट मानली जाते. आणि विकणाऱ्याकडे ती वस्तू कशी आली हे विचारायला कोणी धजत नाही. एरवी यातले एखादे लक्षण दिसले तर सावध होणारा माणूसही अशा वेळी चारांचाही एकच खुलासा देऊन मोकळा होतो, तो म्हणजे वादळ. हा खुलासा बहुतेक घरांच्या बाबतीत खरा असतो, म्हणूनच तो धोक्याचा आहे. खऱ्या कुलुपाच्या आड खोटा मालही सुरक्षित राहतो.

प्रत्यक्ष वस्तू हातात घेतली तर हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. कुंभकोणमजवळच्या नाच्चियारकोविल या गावी ओतल्या जाणाऱ्या ‘कुत्तुविळक्कु’ या उंच समयांचे बैठक, खांब, तेलाचे तबक आणि माथ्यावरचा हंस असे भाग वेगवेगळे ओतून, कातून, मळसूत्राने एकमेकांत बसवतात. जुन्या दुकानातल्या अशा समईचा हंस आणि खांब पुष्कळदा एका घरचे नसतात. धातूचा रंग जरा तांबूस-पिवळा असा बदलतो, आणि मळसूत्र शेवटच्या फेऱ्याला अडते. भांड्यावर नाव घालण्याची चाल महाराष्ट्राप्रमाणे तमिळ घरांतही आहे, त्यामुळे बैठकीच्या कडेला ठोकलेली आद्याक्षरे शोधणे हे जाणकाराचे पहिले काम असते. ती अक्षरे असली तर तो घराण्याचा इतिहास ठरतो आणि भाव वाढतो. तिथे कानशीने घासल्याचा सपाट, झळझळीत पट्टा असला तर भाव थोडा उतरतो, इतकेच. मनूने हरवलेल्या वस्तूवर हक्क सांगणाऱ्याने तिचे रूप, संख्या वगैरे सांगून तो सिद्ध करावा, आणि मालक सापडेपर्यंत राजाने ती तीन वर्षे राखून ठेवावी, असे सांगितले आहे. घासलेले नाव म्हणजे ही सिद्धता आधीच पुसून टाकण्याचा उद्योग होय, आणि त्या पट्ट्यावरून बोट फिरवून ‘जुनी दिसते’ एवढेच म्हणणारा खरेदीदार त्या उद्योगात सामील होतो, मग तो कितीही सुसंस्कृत असो.

घरची समई विकायचा अधिकार घराला आहे, हे निर्विवाद आहे. देवळातल्या दिव्याची गोष्ट निराळी आहे. चोळ शिलालेखांत अखंड दिव्याच्या दानाची नोंद सर्रास सापडते आणि तिच्यात दिव्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व मेंढ्यांना असते: एका दिव्यासाठी 96 मेंढ्या गवळ्याच्या स्वाधीन केल्या जात आणि त्यांच्या तुपावर तो दिवा चंद्रसूर्य असेपर्यंत जळावा अशी अपेक्षा असे. त्या मेंढ्यांना न मरणाऱ्या व म्हातारपण नसलेल्या असे म्हटले जाई, कारण कळपातली मेंढी मेली तरी तिची जागा भरून काढण्याचे कर्तव्य मरत नसे. दान धातूचे नव्हते, त्या कर्तव्याचे होते. अशा दिव्याचा धातू दुकानात आला म्हणजे कर्तव्याची साखळी कुठेतरी तुटली, आणि ती तुटल्याने देवाचे स्वामित्व संपते असे कोणत्याही शास्त्राने म्हटलेले नाही.

मूर्तींच्या बाबतीत हा विचार आणखी खोल जातो. आगम, म्हणजे मंदिर, मूर्ती व पूजा यांचे नियम सांगणारे ग्रंथ, मूर्तीत देवाचे आवाहन होते आणि विशिष्ट विधीने ते काढूनही घेता येते असे मानतात. वैखानस परंपरेतल्या मरीचीच्या विमानार्चनकल्पात शत्रूचे किंवा चोरांचे भय असताना उत्सवमूर्ती, म्हणजे मिरवणुकीची धातूची मूर्ती, जमिनीत दडवण्याचा विधी आहे. त्यात मूर्तीतली शक्ती अन्यत्र नेऊन ठेवली जाते आणि भय टळेपर्यंत देवाने भूमीच्या सहवासात शयन करावे अशी प्रार्थना केली जाते. हा ग्रंथ वैष्णवांचा असला तरी शैव देवळांतही मूर्ती पुरून ठेवल्या गेल्या, आणि चौदाव्या शतकातल्या स्वाऱ्यांच्या काळात तर ही गरज या प्रदेशाला वारंवार पडली. तेव्हा शेतात नांगराला किंवा पुराने खचलेल्या बांधाला जी मूर्ती लागते ती टाकून दिलेली वस्तू नसून पृथ्वीकडे ठेवलेला निक्षेप असते. पूर तिच्यावरची माती काढतो, मालकी काढत नाही. आधुनिक कायदाही दुसऱ्या वाटेने इथेच येतो: 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही.

पत्तूर गावात 1976 साली एका मजुराला खोदताना नटराज सापडला, तो हातोहात विकला जाऊन लंडनला पोहोचला, आणि कॅनडातील एका कंपनीने तो घेतला. त्यावरून झालेल्या खटल्यात 1991 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने पत्तूरच्या पडझड झालेल्या देवळाच्या बाजूने निकाल दिला आणि मूर्ती भारतात परत आली. पूजा थांबलेली, भिंती ढासळलेल्या, आणि तरीही देवळाचा दावा टिकला. हिंदू देवतेला न्यायालयात व्यक्ती मानण्याची कल्पना भारतात जुनी आहे. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका बंगाली घराण्याच्या वादात देवतेच्या इच्छेचाही विचार व्हावा असे मानले होते. परंतु उजाड देवळालाही मालक राहता येते, हे पत्तूरच्या खटल्याने जगाला दाखवले.

याहून अवघड कोडे शिवपुरमचे आहे. कुंभकोणमजवळच्या या गावी 1951 मध्ये सापडलेला नटराज देवळाच्या हवाली झाला, पुढे दुरुस्तीसाठी मूर्तिकाराकडे गेला, आणि परत आली ती त्याची प्रतिकृती. गावाने तिचीच पूजा केली; 1965 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी देवळातली मूर्ती नकली असल्याचे छापले तेव्हा बाहेरच्यांना हे कळले. मूळ मूर्ती 1973 मध्ये अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या संस्थेने नऊ लाख डॉलरना घेतली होती आणि तडजोडीनंतर 1986 मध्ये ती परतली. मधल्या वर्षांत देव कुठे होता? आवाहनाचा सिद्धांत काटेकोरपणे लावला तर तो गावातच होता, कारण भक्तांनी त्याला तिथेच बोलावले होते, आणि परदेशी गेला तो केवळ पंचधातू. हे उत्तर भक्ताला दिलासा देते. पण चोराच्या वकिलालाही याहून सोयीचे उत्तर सापडणार नाही. म्हणून सान्निध्य आणि स्वामित्व या दोन गोष्टी वेगळ्या मानणे भाग आहे. देवाचे सान्निध्य श्रद्धेबरोबर हलते. त्याचे स्वामित्व दानाने जडलेले असते आणि ते हलत नाही.

मात्र श्रीवैष्णवांना एवढी काटेकोर विभागणी मान्य होणार नाही. त्यांच्या मते देवाच्या पाच रूपांपैकी अर्चावतार, म्हणजे मूर्तिरूप, हे सर्वांत सुलभ रूप आहे, आणि पिळ्ळै लोकाचार्यांनी ‘तत्त्वत्रया’त असे प्रतिपादन केले आहे की या रूपात सर्वांचा स्वामी स्वतः भक्ताची मालमत्ता होतो; अशक्त, परतंत्र असल्यासारखा तो भक्ताच्या हातून नाहतो, जेवतो, झोपतो. हे केवळ काव्य नव्हते. चौदाव्या शतकात श्रीरंगमवर स्वारी झाली तेव्हा उत्सवमूर्ती घेऊन बाहेर पडलेल्यांत हेच वृद्ध आचार्य होते आणि त्या प्रवासातच त्यांचा अंत झाला. मूर्ती श्रीरंगमला परतली ती 1371 मध्ये. ज्याला खांद्यावर घ्यावे लागते त्याला पळवून नेता येते, आणि दुकानाच्या फळीवरही ठेवता येते. या विचारात दुकानातल्या मूर्तीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला मालक होण्याचा पर्यायच उरत नाही. तो एक तर राखणदार असतो किंवा अपहरणातला भागीदार.

तंजावरच्या मराठी घरांना हा विचार परका वाटू नये. तंजावरचे मराठी राज्य स्थापणाऱ्या व्यंकोजींच्या काळापासून या प्रदेशात राहिलेल्या या घरांच्या देव्हाऱ्यांत कुलदेवतांचे टाक, म्हणजे पत्र्यावर उठावाने काढलेल्या लहान मूर्ती, असतात. झिजलेला टाक सोनाराकडून नव्याने करून घ्यायचा आणि जुन्याचे विसर्जन करायचे, अशी रीत आहे. तो विकायचा नसतो. त्यामुळे दुकानातल्या थाळीत मण्यांबरोबर पडलेला खंडोबाचा टाक दिसला तर त्याचे मोल चांदीच्या वजनावर ठरवणे चुकीचेच, पण त्याला दुर्मीळ म्हणून चढा भाव देणेही फारसे वेगळे नाही.

यावर एक आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. गजनंतर बरोबर आठवड्याने, 23 नोव्हेंबरला, कार्तिगै दीपम हा दिव्यांचा सण होता, आणि त्या सणाच्या तोंडावर समई विकावी लागणाऱ्या बाईला खरेदीदाराचे तात्त्विक संकोच उपयोगाचे नव्हते. त्याने घेतली नाही तर भांडेवाला ती वजनावर घेऊन, बदल्यात ‘एव्हरसिल्व्हर’चे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, भांडे देतो आणि समई वितळते. हा आक्षेप खरा आहे, पण तो घरच्या समईपुरता. तिथे शास्त्राचे म्हणणे पाळणे कठीणही नाही: व्यवहार उघड करावा, भाव वादळाआधीचा द्यावा, नाव घासू देऊ नये. देवाच्या वस्तूला हा आक्षेप लागू करणे ही मात्र पळवाट आहे.

मालक सापडल्यावरही प्रश्न सुटतोच असे नाही. अरियलूर जिल्ह्यातील श्रीपुरंतनच्या देवळातला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने 2008 मध्ये पन्नास लाख डॉलरना घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातल्या छायाचित्रांवरून त्याची ओळख पटली, मनूने मागितलेले रूपाचे प्रमाण अशा रीतीने मिळाले, आणि 2014 मध्ये तो परत आला. पण ज्या गावांच्या देवळांना धड कुलूपही नाही तिथे अशा मूर्ती परत ठेवणे धोक्याचे असल्याने त्रिभुज प्रदेशातल्या कितीतरी उत्सवमूर्ती तिरुवारूरच्या त्यागराज मंदिराच्या आवारातील मूर्तिसंरक्षण केंद्रात बंदोबस्तात ठेवल्या आहेत. तिथे त्यांचे स्वामित्व अबाधित आहे, नोंद चोख आहे, आणि उत्सवासाठी गावाला आपली मूर्ती मागूनही नेता येते. उरलेल्या वर्षभरात मात्र पिळ्ळै लोकाचार्यांनी वर्णिलेली परतंत्र देवाची ती रोजची सेवा गावाला करता येत नाही, आणि यावर आगमाचे जाणकार व पोलीस खाते अजून एकमताने काही सांगू शकलेले नाहीत.