पिल्लांचा फोटो

आमच्याकडं कार्तिकात कुत्र्या माजावर येतात अन् दोन महिन्यांनी उकिरड्याच्या उबेला पिल्लं दिसतात. आईचं दूध तुटलं, की मी त्यांचे फोटो काढून शहरात पाठवतो. कोवळ्या उन्हात, पालथं पडून काढला तर काळं पिल्लूही उठून दिसतं. भर दुपारी नुसता डाग.

लोक पहिलं विचारतात, “नर हाय का?” मादी म्हणजे पुढं वीण. शेजारी म्हणतो, “लिहूच नका, दादा. एकदा घरात गेली की कोण टाकतंय?”

टाकतात. चांगल्या उजेडात दाखवण्यात मला लबाडी वाटत नाही. पण लपवलेल्याची किंमत पिल्लूच मोजतं. म्हणून लिहितो, ‘मादी आहे, नसबंदी करावी लागेल.’ फोन कमी येतात. एखादी इथंच वाढते. अनोळखी रस्त्यापेक्षा ओळखीचा उकिरडा बरा.