प्रयत्नाचे देणे

इंग्रजीला प्रयत्नवाचक क्रियापदांची वाण नाही. परंतु त्यांतले ‘ट्राय’ हे जुन्या फ्रेंचमधील निवडण्याच्या शब्दापासून निघाले आणि ‘स्ट्राइव्ह’ भांडणाच्या, तेव्हा त्या दोघांच्या कुळकथेत फारसे गूढ नाही. ‘एन्डेव्हर’ या तिसऱ्याची वंशावळ मात्र काढून पाहावी अशी आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘देव्हेर’ म्हणजे कर्तव्य (फ्रेंच मुले शाळेतून घरी आणतात त्या गृहपाठालाही आज त्याच शब्दाचे अनेकवचन लावतात), आणि स्वतःला कर्तव्यात घालणे अशा अर्थाच्या वाक्प्रयोगातले ‘मध्ये’ आणि ‘कर्तव्य’ हे दोन शब्द एकमेकांत मुरून मध्ययुगाच्या अखेरीस हे क्रियापद तयार झाले. प्रारंभी ते आत्मवाचकही असे: इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारची जी प्रार्थना आहे, तिच्यात भक्त ख्रिस्ताच्या पावलांवरून चालण्यासाठी स्वतःला ‘एन्डेव्हर’ करतात, म्हणजे जणू स्वतःलाच हाताला धरून कामावर रुजू करतात. पुढे तो ‘स्वतःला’ गळाला.

याच्याही मागे गेले की लॅटिन ‘देबेरे’ भेटते. ‘पासून’ आणि ‘जवळ असणे’ अशा दोन अर्थांचे शब्द जुळून ते झाले आहे: दुसऱ्याचे काही आपल्याजवळ असणे, अर्थात देणे लागणे. म्हणजे ज्याला आपण पुरुषार्थ म्हणून मिरवतो, तो या शब्दाच्या दप्तरात जमेस धरलेला नसून नावे टाकलेला आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात नांगरून शेतावरून परतलेल्या चाकराला धनी आधी आपलेच पान वाढायला लावतो आणि वर आभारही मानत नाही. अशा वेळी चाकराने ‘आम्ही निरुपयोगी, करणे प्राप्त होते तेवढेच केले’ अशा अर्थाचे म्हणावे, हा येशूचा उपदेश कानाला कठोर वाटतो खरा, पण लॅटिन बायबलात त्या ‘प्राप्त होते’च्या जागी ‘देबेरे’चेच रूप आहे, आणि कर्ज फेडणाऱ्याचे आभार कोणता सावकार मानतो?

तैत्तिरीय संहितेतही ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मतो. ऋषींचे ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने, पितरांचे प्रजेने फेडावयाचे. पण तेथे हप्ते ठरलेले आहेत आणि ते भरले की मनुष्य अनृणी होतो. ‘एन्डेव्हर’ला अशी फारखती ठाऊक नाही. १६५१ साली तत्त्वज्ञ हॉब्जने ‘लेव्हायथन’ या ग्रंथामध्ये चालण्याबोलण्यापूर्वी देहात उठणाऱ्या गतीच्या अतिसूक्ष्म आरंभाला हाच शब्द योजला, शब्दातले कर्ज त्याने वजा केले, उरली ती निव्वळ हालचाल, आणि मला ती फार कोरडी वाटते.

आपल्याकडे शिंपी ‘प्रयत्न करतो’ म्हणाला की दिवाळीपूर्वी कोट मिळत नाही हे गिऱ्हाईक ओळखून असते; प्रयत्नांची शिकस्त करणाऱ्याला तर ‘शिकस्त’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ मोड, पराभव असा आहे, याचा गंधही नसतो. परंतु ‘लागणे’ हे एक साधे क्रियापद मराठीत आहे, आणि कोशकाराखेरीज त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. मनुष्य वाण्याचे सात रुपये देणे लागतो. म्हणून त्याला सकाळी उठावे लागते. आणि मग चहाची बशी खाली ठेवून, खुंटीवरचा सदरा अंगात घालून तो कामाला लागतो.