जीवकाच्या दारातली रांग

मगधात पाच रोग बळावले होते: कुष्ठ, गळवं, कोडासारखे त्वचेचे विकार, क्षय आणि फेफरं. औषधाच्या आशेनं राजगृहाला येणारा जो तो एकाच दाराशी पोचायचा. जीवक कोमारभच्च हा तक्षशिलेत सात वर्षं शिकून आलेला वैद्य. बिंबिसार राजाचं भगंदर त्यानं लेप लावून बरं केलं, तेव्हा राजानं त्याला पदरी ठेवलं आणि स्वतःची, अंतःपुराची व बुद्धांच्या भिक्षुसंघाची देखभाल त्याच्यावर सोपवली. दाराशी आलेल्यांना जीवक सांगे, हातात कामं फार आहेत, तुमच्याकडे बघायला सवड नाही. लोक म्हणत, आमचं सगळं घ्या, आम्ही तुमचे दास होतो, पण बरं करा. तरी उत्तर तेच. मग काहींना वाट सुचली. भिक्षूंवर जीवक उपचार करतोच. तर मुंडण करावं, भिक्षूचं वस्त्र म्हणजे चीवर पांघरावं, बरं व्हावं आणि घरी परतावं.

विनयपिटक या भिक्षुनियमांच्या ग्रंथातल्या महावग्गात ही कथा पुढे सांगितली आहे. संघात आजारी इतके वाढले की भिक्षूंना सतत लोकांपुढे हात पसरावे लागले: आजाऱ्यासाठी अन्न द्या, त्याची शुश्रूषा करणाऱ्यासाठी अन्न द्या, औषध द्या. जीवकाच्या हातून राजाचीही काही कामं राहू लागली. एक दिवस, बरा होऊन चीवर उतरवलेला एक माणूस त्याला दिसला. विचारल्यावर त्यानं खरं ते सांगितलं. जीवक व्यथित होऊन बुद्धांकडे गेला, आणि नियम झाला: या पाच रोगांनी ग्रासलेल्याला प्रव्रज्या, म्हणजे संघात प्रवेश, देऊ नये. थेरवाद परंपरेत उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षेच्या वेळी उमेदवाराला आजही या रोगांबद्दल विचारलं जातं.

डॉ. आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मुळे जीवक महाराष्ट्रातल्या घराघरांत परिचित आहे. ही रांग मात्र फारशी कुणी आठवत नाही. आरोग्यसेवेवर ताण पडतो तेव्हा काय होतं, याचं इतकं नेमकं चित्र जुन्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. एकच वैद्य, दाराशी गर्दी, ‘सवड नाही’ हे उत्तर, मग आडवाटेनं आत शिरण्याची धडपड, आणि शेवटी दार अधिक घट्ट लावून घेणं. खोटं सांगून चीवर पांघरणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण त्यानं आधी सरळ दाराशी जाऊन, खरं सांगून मदत मागितली होती, हे विसरून चालत नाही. शिवाय कथेत एक प्रश्न कुणीच विचारत नाही: एवढ्या मोठ्या राज्यात दार ठोठावायला एकच वैद्य का?

यातूनच आजच्या रुग्णापुढचा नैतिक पेच उभा राहतो. जीव धोक्यात नाही, पण दुखतं आहे. गुडघा दुखतो, डोळ्यापुढे धुकं येतं, महिनाभर खोकला आहे. वॉर्डात खाटा नाहीत, डॉक्टर दोन-दोन पाळ्या करताहेत. अशा वेळी ओपीडीत जाऊन केसपेपर काढणं म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचं घेणं ठरतं का? दुखणं अंगावर काढणं हा परोपकार ठरतो का?

इंग्लंडनं २०२० मध्ये कोविडच्या साथीत हा पेच अख्ख्या देशाच्या पातळीवर अनुभवला. १७ मार्चला तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेनं रुग्णालयांना पत्र पाठवलं की, तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकला. ३०,००० खाटा मोकळ्या करायच्या होत्या. पाठोपाठ सरकारची घोषणा आली: घरी राहा, आरोग्यसेवेला जपा, जीव वाचवा. लोकांनी ती मनापासून पाळली. एप्रिल २०१९ मध्ये तातडीच्या विभागांत २१ लाखांहून अधिक लोक आले होते. एप्रिल २०२० मध्ये आले सुमारे ९ लाख १७ हजार. मुरगळलेले पाय आणि किरकोळ ताप घरीच बरे झाले असतील, तर ती चांगलीच गोष्ट. पण ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं की हृदयविकाराच्या तीव्र त्रासासाठी आठवड्याला सरासरी ३,०१७ लोक दाखल होत, ते मार्चअखेर १,८१३ वर आले. त्या काही आठवड्यांत हृदयविकारच एवढा ओसरला, असं मानायला काही आधार नाही. छातीत कळ येत असताना ‘आत्ता नको, त्यांना त्रास नको’ म्हणत घरी थांबलेली माणसं त्या फरकात आहेत. एप्रिल संपायच्या आत त्याच आरोग्यसेवेला उलटी मोहीम काढावी लागली: गरज असेल तर या, आम्ही आहोत.

ज्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, त्यांचीही गरज नाहीशी झाली नाही. साथीपूर्वी तिथली प्रतीक्षायादी ४५ लाखांच्या आसपास होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ती ७७ लाखांवर गेली.

भारतात चित्र वेगळं होतं, कारण इथे ताण हा पाहुणा नव्हता, घरचाच होता. २० मार्च २०२० ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं अत्यावश्यक नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. मग टाळेबंदी आली. त्या वर्षी क्षयरोगाच्या नोंदी पाहाव्यात: २०१९ मध्ये सुमारे २४ लाख, २०२० मध्ये सुमारे १८ लाख. वाहनं बंद होती, कर्मचारी कोविडच्या कामाला जुंपले होते, क्षयाच्या निदानाची यंत्रंही कोविडच्या चाचण्यांकडे वळवली गेली. पण त्यात ‘साधा खोकला आहे, एवढ्यासाठी कशाला जायचं’ असं म्हणणारेही होते. क्षयाचा खोकला कुणालाच तातडीचा वाटत नाही, आणि तोच घरातल्या लहानग्यापर्यंत पोचतो. त्यागाच्या भावनेनं घरी बसलेल्या माणसानं नकळत आपल्याच माणसांवर ओझं टाकलेलं असतं.

इथे पहिली अडचण ज्ञानाची आहे. आपलं दुखणं तातडीचं नाही, हे दुखणाईताला कळतं कसं? ‘तातडीचं नाही’ हे मुळात तपासणीनंतरचं वाक्य आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात तिस्रैषणीय नावाचा अध्याय आहे. माणसानं धराव्यात अशा तीन एषणा, म्हणजे इच्छा, तो सांगतो: प्राणाची, धनाची आणि परलोकाची. त्यांत प्राणाची पहिली, कारण प्राण गेले की बाकी सगळंच जातं. आणि त्याच अध्यायाच्या अखेरीकडे इशारा आहे की रोग आधी अणूएवढा असतो आणि मग वाढतो. अज्ञानी माणूस त्याला सुरुवातीला ओळखत नाही. परलोकाची चिंता जगण्याच्या चिंतेनंतर ठेवणारा हा ग्रंथ वेळीच वैद्याकडे जाण्याला हाव म्हणत नाही. त्याच्या लेखी ते शहाणपण आहे.

दुसरी अडचण, आपली पाळी कुणी ठरवायची ही, अधिक खोल आहे, आणि तिचं उत्तर पुन्हा महावग्गातच मिळतं. अतिसारानं गळून स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्षू बुद्धांना दिसतो. इतर भिक्षू त्याच्याकडे फिरकत नाहीत, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नाही. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद त्याला धुतात, उचलून बिछान्यावर ठेवतात. मग बुद्ध संघाला सांगतात की ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. हा भाग प्रसिद्ध आहे. त्याला लागूनच आजाऱ्याचीही लक्षणं सांगितली आहेत. ज्याची शुश्रूषा करणं सोपं, असा रुग्ण पथ्याचं तेच करतो, त्यातही प्रमाण राखतो, औषध घेतो, हितचिंतक शुश्रूषकाला आपलं दुखणं आहे तसं सांगतो, वाढत असेल तर वाढतंय म्हणून, उतरत असेल तर उतरतंय म्हणून, आणि शरीराच्या वेदना सोसतो.

सांगणं आणि सोसणं एकाच यादीत आहे, आणि सांगणं सोसण्याच्या आधी आहे. अंगावर काढणारा माणूस सोसतो, पण सांगत नाही. गर्दीत आरडाओरडा करून पुढे घुसणारा सांगतो, पण सोसत नाही. दुखणं वाढवून सांगणारा दोन्हींत चुकतो. रुग्णाचं कर्तव्य म्हणजे खरं सांगणं आणि मग आपल्या वाट्याला आलेली वेळ स्वीकारणं. आपण कितवे, हे ठरवण्याचं काम त्याचं नाही. स्वतःला पहिला नंबर देणं जितकं अन्यायाचं, तितकंच स्वतःचं नाव परस्पर खोडून टाकणंही.

सोसण्याची, म्हणजे आपली वेळ येईपर्यंत थांबण्याची, बाजूही खरी आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ टी. एम. स्कॅन्लन यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात एक प्रसंग कल्पिला. विश्वचषकाचा सामना लाखो लोक टीव्हीवर पाहत आहेत आणि प्रसारण-कक्षात एक कर्मचारी यंत्राखाली अडकून विजेचे धक्के खातो आहे. त्याला सोडवायचं तर प्रक्षेपण पंधरा मिनिटं थांबवावं लागेल. लाखोंच्या विरसाची बेरीज करून ती एका माणसाच्या यातनेशी तोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. महापालिकेच्या रुग्णालयात सकाळपासून टोकन घेऊन बसलेल्या पन्नास जणांपुढून अपघातातला स्ट्रेचर आत जातो, तेव्हा त्या पन्नास जणांवर अन्याय होत नाही. अन्याय होतो तो नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस मागच्या दारानं आत जातो तेव्हा. जीवकाच्या काळातलं उसनं चीवर आणि आजचा वशिला यांत एक फरक आहे: चीवर पांघरणाऱ्याचा निरुपाय होता, वशिलेवाल्याचा बहुधा नसतो.

उपचार नाकारण्याला आपल्याकडे अध्यात्माचा मान आहे, हेही ध्यानात घ्यायला हवं. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात हृदयविकाराचा झटका आल्यावर विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवलं, आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. त्या निर्णयाशी कुणी सहमत असो वा नसो, तो उघड होता, पूर्ण जाणतेपणी घेतलेला होता आणि आयुष्यभराच्या साधनेतून आलेला होता. घरातली बाई अंगावर जातं, दम लागतो, छातीत गाठ लागते हे वर्षभर लपवते, तो त्याग या जातीचा नाही. ‘आधी मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग बघू’ असं ती म्हणते, कारण आपलं दुखणं सगळ्यांच्या शेवटी, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं. गीतेचा अठरावा अध्याय मोहानं केलेल्या कर्मत्यागाला तामस म्हणतो. मोह इथे तिचा एकटीचा नाही. तिला तसं वळण लावणाऱ्या सगळ्यांचा आहे. ‘रुग्णालयांवर ताण आहे, जपून वापरा’ हा संदेश निघतो, तेव्हा तो सर्वांत आधी ऐकते तीच. चिठ्ठीवाल्याच्या कानापर्यंत तो पोचतही नाही. म्हणूनच असा संदेश सरसकट देणं धोक्याचं आहे.

राहिला तो राजाला न विचारलेला प्रश्न: एकच वैद्य का? त्याच मगधाच्या गादीवर पुढे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अशोक आला. त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि पशूंच्या चिकित्सेची सोय केल्याचं, आणि जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणवून लावल्याचं कोरलेलं आहे. आजाऱ्यांना थोपवण्याऐवजी औषध वाढवावं, हे राज्याचं काम मानलं गेलं. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, महासाथीच्या ऐन वर्षातही, तो १.८४ टक्के होता. एवढ्या कमी खर्चात तयार होणारी टंचाई रुग्णाच्या विवेकावर ढकलणं अन्यायाचं आहे. मोतीबिंदू घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आजोबांनी डॉक्टरची वेळ खाल्लेली नाही.

ताण असताना निवड करता येते, ती रुग्ण दारापर्यंत आला तरच. १ मार्च ते ३१ मे २०२० या काळात देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांत नवे रुग्ण ५१,७६० आले. आदल्या वर्षी त्याच तीन महिन्यांत ते १,१२,२७० होते. मोठ्या शहरांतल्या केंद्रांत घट अधिक होती. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं मात्र शस्त्रक्रिया पूर्ण थांबवल्या नाहीत. २३ मार्च ते ३० एप्रिल या काळात तिथे ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि शस्त्रक्रियेनंतर एकही रुग्ण दगावला नाही. नियोजित म्हणजे या सगळ्या आणीबाणीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया होत्या. कोणती गाठ आणखी दोन महिने थांबू शकते आणि कोणती नाही, हे तिथे डॉक्टरांनी रुग्णाला तपासून ठरवलं.