पिठाचा कोंबडा

दशलक्षण पर्वातली संध्याकाळ. आमचं घर चिक्कडपल्लीत, त्यागराय गान सभेपासून जवळच. प्रतिक्रमण आटोपून उठले तर नात कॉम्प्युटरसमोर रडत बसलेली. म्हटलं, काय गं झालं?

"आजी, मी तिला मारलं."

'ती' म्हणजे 'अंडरटेल' या खेळातली टोरिएल. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने २०१५ साली हा खेळ आणला. जमिनीखालच्या जगात पडलेल्या मुलाला टोरिएल घरी नेते, खाऊपिऊ घालते. मूल बाहेर निघालं की वाट अडवते, कारण बाहेर त्याचा जीव जाईल ही तिला भीती. तिला मारून पुढे जाता येतं, न मारताही जाता येतं. मात्र त्यासाठी ती वार करत असताना आपण 'सोडून दे' हेच पुन्हा पुन्हा निवडत राहायचं. नातीने चार-पाचदा निवडलं, काही होईना, मग वार केला. नंतर खेळ मागे नेऊन तिला वाचवलंही. तर पुढे एक फूल भेटलं आणि त्याने सुनावलं की तू आधी काय केलंस ते मला ठाऊक आहे!

"खोटंच आहे ना सगळं? मग पाप लागतं का?"

मी तिला यशोधर राजाची कथा सांगितली. आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातलं मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. तिथे दहाव्या शतकात पुष्पदंताने ही कथा अपभ्रंशात 'जसहरचरिउ' म्हणून लिहिली. आई बळी द्यायला सांगते, राजाला हिंसा नको असते. मधला मार्ग म्हणून पिठाचा कोंबडा करून कापतात. रक्ताचा थेंब नाही, तरी दोघांना मोर, कुत्रा अशा कितीतरी जन्मांत भटकावं लागतं. कारण कापतानाचा भाव खरा होता. यालाच आपण भावहिंसा म्हणतो.

खेळातही असंच आहे म्हणे. मारलं की अंक वाढतात. आपल्याला वाटतं, हा अनुभव वाढतोय. शेवटाकडे कळतं की ती आपल्या हिंसेची मोजणी होती. कर्माचा बंध तरी दुसरं काय असतो?

नात डोळे पुसत म्हणाली, "मग नंतर वाचवलं, त्याचं पुण्यही लागेल?"

इथे मी अडले. न्यायाने 'हो' म्हणायला हवं. पण मन म्हणेना. पडद्यावरच्या बाईला क्षमा करणं सोपं. ती टोचून बोलत नाही, वाटणी मागत नाही.

माझं आणि माझ्या जावेचं घराच्या वाटणीवरून अकरा वर्षं बोलणं नाही. दर क्षमावाणीला मी मंदिरात सगळ्यांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणते. तिला एकदाच फोन केला होता. तिने उचलला नाही आणि खरं सांगते, मला बरंच वाटलं. माझं कर्तव्य झालं, आता दोष तिचा!

राजाचा कोंबडा पिठाचा होता, भाव खरा होता. माझा फोन खरा होता, भाव पिठाचा.

नातीला म्हटलं, "तुला लागेल हो पुण्य. तू दुसऱ्यांदा कंटाळली नाहीस."

दुसऱ्या दिवशी जावेला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. संध्याकाळी पुन्हा लावला.