जेवणाऱ्याचे डोळे

मासवडी खरी दिसते ती कापल्यावर. तोवर ओल्या फडक्यात असतो तो बेसनाचा एक लांबट, पिवळा गोळा. शिजवलेल्या पिठाचा पातळ थर फडक्यावर थापायचा, त्यावर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबीर आणि काळा मसाला यांचं सारण पसरायचं, मग फडक्याच्याच आधाराने घडी घालून दोन्ही अंगांनी दाबत माशासारखा निमुळता आकार द्यायचा. हातात कसब नसेल तर इथेच थर फाटतो. सुरी फिरली की पिवळ्याधमक काठाच्या आत काळपट-तांबूस गाभा उघडा पडतो आणि बघणाऱ्याची भूक तिथून सुरू होते.

जुन्नर-आंबेगावची ओळख सांगणारा हा पदार्थ मुळात डोळ्यांसाठी घडवलेला आहे, असं मला वाटतं. नुसत्या चवीचाच प्रश्न असता तर तेच सारण पिठल्यात कालवून भागलं असतं. कष्ट आहेत ते आकारासाठी. ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी, आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी. माळकऱ्यांची घरं गावोगाव. अशा मुलखात मासळीचा आकार, झणझणीत रस्सा आणि भाकरी असा सगळा थाट मासळीशिवाय उभा करायचा, यात रांधणाऱ्या बायकांची कल्पकता आहे. ती आपण पुरेशी मोजलेली नाही.

रस्सा मात्र वेगळ्या वाटीत. वडीवर आधीच ओतला तर काठ भिजतो, काप सुटतो, पिवळं-काळं एकमेकांत मिसळतं. मिसळीत तर्री वरून सोडायची असते, कारण तिथे लाल तवंगच आधी दिसायला हवा. इथे वडी आधी कोरडी दिसली पाहिजे, मग जेवणाऱ्याने आपल्या हाताने ती रश्शात बुडवायची.

रंगांच्या शेजाराचं हे शास्त्र युरोपात एका रसायनतज्ज्ञाने मांडलं. मिशेल यूजीन शेव्हरल पॅरिसच्या गोबेलिन्स या विणकामाच्या कारखान्यात रंगकामाचा प्रमुख होता. तिथे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्याने रंग तपासला, तो चांगला निघाला. दोष शेजारच्या धाग्यांचा होता. एका रंगाशेजारी दुसरा ठेवला की दोन्ही बदललेले दिसतात, हे त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने सविस्तर मांडलं. हिरव्याशेजारी तांबडं अधिक तांबडं दिसतं, ही त्यातलीच गोष्ट. केळीच्या पानावर लाल चटणी आणि पांढरा भात जसे उठून दिसतात, तसे स्टीलच्या ताटात दिसत नाहीत. पळसाच्या वाळक्या पत्रावळीवरही नाहीत, तरी पत्रावळीचा तपकिरी रंग मंद असतो, तो अन्नाशी स्पर्धा करत नाही.

पण दिसण्याने चवही बदलते का? स्पेनमधल्या संशोधकांनी ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांच्यासोबत २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्ट्रॉबेरीचं एकच मूस, म्हणजे फेसाळ गोड पदार्थ, पांढऱ्या आणि काळ्या ताटल्यांत चाखायला दिलं. पांढऱ्या ताटलीतलं सुमारे १० टक्के अधिक गोड आणि चवीला १५ टक्के अधिक तीव्र वाटलं. म्हणून पांढरं ताट सगळंच गोड करतं असं कोणी समजू नये. गुलाबी मूसचा निष्कर्ष बाजरीच्या भाकरीला लावता येत नाही. या क्षेत्रात सावध राहावं लागतं. ताट छोटं घेतलं की माणूस कमी जेवतो, हा विचार जगभर लोकप्रिय करणारे अमेरिकी प्राध्यापक ब्रायन वॉन्सिंक यांचे अनेक शोधनिबंध नंतर मागे घेतले गेले. तरी डोळा जिभेच्या आधी काहीतरी ठरवून बसतो, एवढं मानायला हरकत नाही.

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात मासवडी थाळीच्या पाट्या दिसतात. याचा मला मनापासून आनंद आहे; घरातल्या कष्टांना बाजारात दाम मिळालं. पण शहरी हॉटेलांतली काळ्या ताटांची चाल या थाळीला लावली, तर पदार्थाचं नुकसान होईल. वडीचा गाभा काळपट, रस्सा काळ्या मसाल्याचा, भाकरी करडी. काळ्यावर काळं ठेवलं की ज्या कापासाठी एवढा खटाटोप केला तो काप हरवतो. पिवळा काठ तेवढा उजळतो आणि फोटो छान येतो. फोटो मोबाइलसाठी असतो, ताट जेवणाऱ्यासाठी. या दोघांत निवड करायची वेळ आली तर ती जेवणाऱ्याच्या बाजूनेच व्हावी. आपली जुनी खोलगट पितळी या जेवणाला अजूनही सगळ्यात शोभते: कडा उभ्या, रस्सा सांडत नाही, भाकरी कुस्करता येते, आणि आतल्या कल्हईचा मंद, फिका रंग रश्शाला मारत नाही. आंबट पदार्थ पितळेला चालत नाहीत, आतून कल्हई लागते; ती करणारे मिळत नाहीत म्हणून स्टील आलं. घासायला सोपं, गंजत नाही. ज्या बाईला रोज भांडी घासायची होती तिने स्टील निवडलं, तिला कोण नावं ठेवणार? कार्यातल्या जेवणावळींत थर्माकोल शिरला, त्यावर राज्यात मार्च २०१८ मध्ये बंदी आली, आणि चंदेरी मुलाम्याच्या कागदी पत्रावळी राहिल्या. त्यांच्यावर दिव्याचा उजेड पडला की भाजी कुठे संपते आणि चकाकी कुठे सुरू होते तेच कळत नाही.

मांडणीचा आणखी एक भाग आहे, तो रंगापेक्षा खोल जातो. आपल्या गावांत भांड्याने माणसाला त्याची पायरी दाखवली. चहाच्या दुकानात दलितांसाठी वेगळा कप, पंगतीबाहेर बसवून वरून टाकलेली भाकरी. तीच आमटी, तेच मीठ. त्या घासाची चव कोणत्याही मूसच्या प्रयोगात मोजता येणार नाही. म्हणून आणे पठारावरच्या रंगदास स्वामींच्या यात्रेतला आमटी-भाकरीचा प्रसाद मला मोठा वाटतो. मोठमोठ्या कढयांत रटरटणारी मसालेदार आमटी, भाकऱ्यांच्या चळती, आणि मांडीला मांडी लावून बसलेले लोक. सजावट म्हणाल तर काहीच नाही. सगळ्यांपुढे एकच वाढणं, हीच तिथली मांडणी. तिथे जेवलेला माणूस वर्षभर त्या आमटीबद्दल बोलतो.

आता ज्या माणसांसाठी हा सगळा विषय मला खरोखर तातडीचा वाटतो, त्यांच्याकडे येतो. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये अल्झायमर झालेल्या नऊ वृद्ध पुरुषांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. पांढऱ्या भांड्यांऐवजी गडद लाल भांडी दिली, तर खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. पुढे गडद निळ्यानेही फरक पडला. फिक्या लाल-निळ्याने पडला नाही. महत्त्व होतं ते उठावाला. नऊ माणसं म्हणजे फार लहान आकडा, पण तर्क सरळ आहे: जे अन्न दिसत नाही ते खाल्लं जात नाही.

आंबेगाव-जुन्नरच्या वाड्या-वस्त्यांवर आज कितीतरी घरांत म्हातारा-म्हातारी मागे असतात, मुलं पुण्या-मुंबईला किंवा चाकणच्या कारखान्यांत. डोळ्यांत मोतीबिंदू, माजघरात एकच दिवा, आणि समोर चकचकीत स्टीलच्या ताटात दूधभात. पांढऱ्यावर पांढरं, त्यावर दिव्याची तिरीप. आजी अर्धं ताट सारून ठेवते आणि घरचे म्हणतात, हल्ली भूकच मंदावली आहे. कधी मंदावलेली असेलही. तो निर्णय डॉक्टरांचा. पण त्याआधी ताट बदलून पाहायला काय लागतं? दूधभाताला, मऊ खिचडीला गडद निळी किंवा लाल, चकाकी नसलेली, उभ्या कडांची थाळी घ्यावी. गडद रश्शाला, पालेभाजीला उलट फिक्या रंगाची. पाण्याचा पेला पारदर्शक नको, रंगीत हवा. वाढताना काय कुठे आहे ते सांगावं, “आई, उजवीकडे वरण आहे.” आठवडी बाजारात भांड्यांच्या दुकानांपुढे अशा थाळ्यांची चवड लागलेली असतेच. यंदा दिवाळीला गावी जाताना मिठाईच्या खोक्याबरोबर तेवढी एक थाळी घेऊन जाता येईल.