पंधरा कप आणि एक कप

गोट्या खेळणाऱ्या पोरांपुढे एखादा विद्वान उकिडवा बसलेला दिसला, तर आपल्याकडे लोक त्याच्या घरी निरोप धाडतील. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मात्र जिनिव्हा आणि न्यूशातेल इथे नेमके हेच केले. लहानपणी खेळत होतो, आता विसरलो, असे सांगून तो पोरांकडून नियम शिकून घेई. मग हळूच विचारी, हे नियम बदलता येतील का हो? लहानगे म्हणत, छे! ते वडीलधाऱ्यांनी, फार तर देवाने, घालून दिलेले. (खेळताना हीच पोरे ते खुशाल मोडत. पुढल्या आयुष्याची केवढी ही तयारी!) दहा-अकराची पोरे म्हणत, सगळ्यांना कबूल असेल तर बदलू की.

हे सारे त्याने १९३२ साली पुस्तकात मांडले. त्यातच ती कपांची गोष्ट आहे. एक मुलगा जेवायला बोलावले म्हणून दार ढकलतो. दाराआडच्या ट्रेमधले पंधरा कप फुटतात. दुसरा आई नसताना चोरून मुरंबा काढायला चढतो आणि एक कप फोडतो. जास्त वाईट कोण?

मी ही गोष्ट घरी सांगितली. सहा वर्षांचा धाकटा पुतण्या ताडकन म्हणाला, "पंधरावाला!"

नऊ वर्षांची थोरली म्हणाली, "अरे, पण त्याला कुठे माहीत होतं दाराआड कप आहेत ते?"

"पण फुटले तर पंधराच ना?"

पियाजेला अगदी हेच उत्तर अपेक्षित होते. पुढे इतरांनी दाखवून दिले, की हेतू नीट उलगडून सांगितला तर याहून लहान मुलेही तो ध्यानात घेतात. पण आमच्या घरी हेतू उलगडायला वेळ कुणाला असतो?

कायद्याला असतो. भारतीय दंड संहितेने १८६० सालीच सात वर्षांखालच्या मुलाला गुन्ह्यातून मोकळे केले, आणि सात ते बाराच्या मुलाला आपण काय करतो याची पुरेशी समज होती का, हे बघायला सांगितले. २०२४ साली तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेनेही हे तसेच ठेवले आहे. घरच्या कोर्टात मात्र आधी तुकडे मोजतात. पियाजेनेही लिहून ठेवले आहे, की गृहिणी एका कपापेक्षा पंधरा कपांसाठी जास्त चिडते, हेतू काही का असेना. पोरे हिशेब शिकतात तो इथेच!

एवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "भावजी, कप कुठले होते? रोजचे की पाहुण्यांचे?"

ही पायरी पियाजेकडून निसटली होती.

थोरली मात्र हसली नाही. म्हणाली, "आई, मुद्दाम नाही केलं, हे खरं सांगूनही ओरडाच बसणार असेल, तर सांगायचं कशाला?"

वहिनी पदराला हात पुशीत बाहेर आल्या. कधी नव्हे ते त्यांना चटकन उत्तर सुचले नाही.

"सांगायचं," त्या म्हणाल्या. "ओरडले तरी सांगायचं."

"म्हणजे ओरडणारच?"

"थोडं."

धाकट्याने विचारले, "थोडं म्हणजे किती कपांचं?"